रेमेईचं पहिलं मत

पंधरा वर्षं पुरी झाली त्याच शनिवारी रेमेईला मताचा हक्क मिळाला, आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती धातूची टोपी, अंगुस्तान, सकाळपासून काढायलाच ती तयार नव्हती. स्पेनच्या यादवी युद्धात मालक फॅसिस्टांकडे पळून गेल्यापासून बार्सिलोनातला तो शिवणकारखाना बायकाच चालवत होत्या. दर शनिवारी कापडाच्या टेबलाभोवती सभा भरायची आणि अंगुस्तान घातलेलं बोट वर करून मतं पडायची. कोण किती तास बसणार, खिडकी उघडी की बंद, सगळं बोटांवर ठरायचं. मुकादमसुद्धा. ती होती साठीची किमेता, दोनदा निवडून आलेली, जीभ सुईसारखी.

त्या शनिवारी सरकारचा कागद आला होता. युद्ध संपेपर्यंत कारखाना सैन्याच्या हुकमाखाली द्यायचा. मुकादम लष्कराचा, सभा बंद. संमती कळवावी.

"विचारतायत तरी," कुणीतरी म्हणालं.

"हो, शेवटचं," किमेता म्हणाली.

रेमेईनं खिशातून भावाचं पत्र काढलं. आंद्रेऊ आघाडीवर होता. तिनं एकच ओळ वाचली: 'इथे बाटलीतलं पाणी गोठतं, कोट कधी येणार?'

सैनिकांसाठी शिवलेले कोट तीन आठवडे कारखान्यातच पडून होते. बटणं लाकडी लावायची की पत्र्याची, यावर दोन सभा गेल्या होत्या, आणि तिसरी ती आणायला कोण जाणार यावर.

"आपण बटणांवर भांडतोय आणि तिकडे पोरं कुडकुडतायत," रेमेई म्हणाली. "फॅसिस्ट काही मतं मोजत थांबत नाहीत."

"म्हणून तर त्यांच्याशी लढतोय ना गं बाई. उद्या हे परत मागायचं झालं, तर कुठलं बोट वर करशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू, साथी किमेता."

अकरा विरुद्ध अकरा झाले. राहिली रेमेई. तिनं टाचा उचलून बोट इतकं वर नेलं की दोघीचौघी हसल्या. किमेतानं वहीत बारा लिहिलं आणि तिच्या गालावर चापट मारली. "पहिलंच मत, आणि काय वजन पडलं बघ."

सोमवारी लेफ्टनंट आला. माणूस वाईट नव्हता. त्याचे दोन भाऊ लढाईत मारले गेले होते. बटणं पत्र्याची, हे त्यानं एका मिनिटात ठरवलं. कोट आठवड्यात रवाना झाले. आंद्रेऊचं पत्र आलं, 'ऊब आहे.' रेमेईनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं, किमेताला जरा मोठ्यानंच.

मार्चमध्ये विमानं आली. किमेताची बहीण राहायची त्या गल्लीवर बाँब पडले असं कळलं, तशी मशीनवरचा कोट अर्धवट टाकून किमेता धावत सुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी परतली ती कोपरापर्यंत धुळीनं माखलेली. बहीण सापडली नव्हती.

"कामाची जागा सोडणं म्हणजे पळून जाणं," लेफ्टनंट म्हणाला. आवाज त्याचाही बसलेला होता. "नियम मी केलेला नाही."

तिला न्यायला दोन शिपाई दारात उभेच होते. किमेतानं हात झटकले, फुलपात्रभर पाणी मागितलं, प्यायली.

बावीस मशीनी थांबल्या. सगळ्याजणी कापडाच्या टेबलाकडे बघत होत्या, जणू तिथून कुणी सभा सुरू झाली असं म्हणणार होतं. त्या टेबलावर आता कोटांचे गठ्ठे होते.

रेमेईनं अंगुस्तान घातलेलं बोट वर केलं. पार वर, त्या दिवशीसारखं.

लेफ्टनंटनं कागदावरून मान थोडी उचलली. "संडास मागच्या बाजूला आहे," तो म्हणाला. "लवकर ये."

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं, ती जायची परवानगी मागतेय.

किमेतानं मात्र ते बोट पाहिलं. तिनं मान हलवली, 'राहू दे' म्हटल्यासारखी, आणि शिपायांच्या मधून बाहेर पडली.

रेमेईचा हात आपोआप खाली आला. तिच्या मशीनवर किमेतानं अर्धवट सोडलेला कोट आणून ठेवला गेला. त्याची तीन बटणं राहिली होती. तिनं ती लावली, घट्ट, दोन-दोन गाठी मारून. संध्याकाळी गाडी आली तेव्हा गठ्ठ्यात एकही कोट कमी नव्हता.