उरलेल्या रंगाची भिंत

साहेब, तुम्ही माझ्या भाचीला श्रीमंत ठरवलंत. पुरावा काय, तर आमच्या खोलीची हिरवी भिंत. फोटोत तुम्हाला ती फार आवडली म्हणे. आवडणारच. तो रंग तुमच्याच केबिनचा आहे. गेल्या वर्षी तुमच्या संस्थेचं ऑफिस रंगवलं ते माझ्या भावाने, आणि डब्याच्या तळाशी जो उरला तो "घेऊन जा रे, नाहीतरी फेकायचाच आहे" म्हणत तुमच्याच शिपायाने त्याच्या हातात दिला. तो रंग आता आमच्या अंगाशी आलाय. कसा आला ते सांगते. मध्येच वाचणं सोडू नका, मी इस्त्री बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. तिचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला आहे, पाऊल टेकतं ते कडेवर. पण पोरगी एका जागी बसेल तर शपथ. वहिनी म्हणते, "हिचा पाय सरळ असता तर ही एव्हाना हाताला लागली नसती." शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, पुलाचे जिने चढून जायचं. दादा तिला खांद्यावर घेऊन सोडतो आणि तसाच डबे-ब्रश उचलून कामाला जातो. काम लांब लागलं की शाळा बुडाली. मग ती माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसते आणि आलेल्या माणसाला सांगते, "काका, तुमच्या शर्टाचं खालचं बटण गेलंय. तुमचं पोट मोठं झालंय का?" माझी दोन गिऱ्हाइकं तिने अशीच तोडली.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने पाय सरळ होईल, पण हाडं कोवळी आहेत तोवर. येत्या सुट्टीत केलं तर उत्तम, पुढे ढकललं तर भरवसा नाही. त्यांनीच तुमच्या संस्थेचं सांगितलं. ऑपरेशन, त्यानंतरचे खास बूट, आणि दहावीपर्यंत शाळेचा खर्च. दादाने अर्ज दिला. तुमच्याकडून फोन आला की आमच्या ताई गुरुवारी सकाळी घर पाहायला येतील.

दादाने फोन ठेवला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे. "पाहुणे येणार. घराला रंग काढायला हवा."

वहिनी म्हणाली, "घर बघायला येतायत, मुलगी बघायला नाही."

"म्हणून काय झालं? मी रंगारी आहे. रंगाऱ्याच्या घराच्या भिंतीचे पोपडे बघून जाणार का ती बाई?"

तर साहेब, माझ्या भावाची खोपडी अशी आहे. दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात जन्म गेला, स्वतःच्या भिंतीला कधी हात लागला नाही. खाटेखाली मात्र डबे साठवलेले. कुठल्या दवाखान्याचा उरलेला गुलाबी, कुठल्या हॉटेलच्या मोरीचा निळा, कुणाच्या बाळाच्या खोलीचा पिवळा, आणि तुमचा हिरवा. त्याने पॉलिश पेपर मारला, पुट्टी भरली, आणि प्रत्येक भिंतीला मिळेल तो रंग दोन हात दिला. पिवळा कमी पडला, तो कपाटामागे लावलाच नाही. गुलाबीत थोडा पांढरा मिसळून पुरवला. तुमचा हिरवा मात्र पुरून उरला. तुमच्याकडे सगळंच जरा जास्त मागवतात.

वहिनीने चारी बाजूंना पाहिलं. "घर आहे का शेडकार्ड?"

पण खरं सांगू, छान दिसत होतं. बुधवारी संध्याकाळी गल्ली बघायला आली आणि मग गल्लीलाच चेव आला. पाहुणी बसणार कशावर? आमच्याकडे खाट आणि एक स्टूल. सलूनवाला म्हणाला, माझी खुर्ची न्या. त्याच्याकडे दोन आहेत. त्यातली चांगली, गोल फिरणारी, डोकं टेकायला उशी असलेली, ती चौघांनी उचलून आणली. शिकवणीवाल्या बाईंनी त्यांचा उभा पंखा दिला. समोरच्या ड्रायव्हरच्या बायकोने कपबशा दिल्या, वर बजावलं, "सोनेरी काठ घासू नका, जातो." खाटेवर घालायला चादर मी आणली. कोणाची होती ते विचारू नका. इस्त्रीला आली होती, कडक झाली होती, आणि गिऱ्हाईक शुक्रवारी येणार होतं.

एकालाही वाटलं नाही साहेब, की मदत मागताना घर गरीब दिसायला हवं. आमच्या डोक्यातच आलं नाही. घरी माणूस येतंय एवढंच डोक्यात. मूर्ख म्हणा आम्हाला. म्हणालात तरी चालेल.

गुरुवारी तुमच्या ताई आल्या. तरुण, खांद्याला पिशवी, हातात मोबाईल. दारातच थबकल्या. आम्ही त्यांना त्या खुर्चीत बसवलं, पंखा सोडला. त्यांनी चारी भिंतींचे फोटो काढले. मग विचारलं, "ही खुर्ची... तुमचीच?"

दादा म्हणाला, "आपलीच समजा."

भिंगरी मागे उभीच होती. तिला वाटलं ताईंना खुर्ची वापरता येत नाही. तिने हात लावून एक गरका दिला. ताई गुलाबी भिंतीपासून निघाल्या त्या निळी, पिवळी, हिरवी करत परत गुलाबीवर आल्या, पिशवीसकट.

"अजून एक?" भिंगरीने विचारलं.

"थांब जरा," ताई म्हणाल्या. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

तेवढ्यात सलूनवाला दारात. घाम पुसत. "दादा, माफ कर. पण दुसऱ्या खुर्चीचा स्क्रू तुटला. माझं गिऱ्हाईक खोळंबलंय."

वहिनी दातांखालून म्हणाली, "भाऊजी, थोड्या वेळाने."

"मी सांगितलं त्यांना थोड्या वेळाने. ते ऐकत नाहीत. बरोबरच आलेत."

त्याच्या मागून गिऱ्हाईक पुढे झालं. गळ्याभोवती टॉवेल, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. त्यांनी ताईंना नमस्कार केला. "तुमचं चालू द्या. मी उभा राहतो. फक्त फेस सुकायच्या आत आटपा, मला ऑफिस आहे."

ताई उठल्या. खुर्ची गेली. ती दारातून निघते न निघते तोच शिकवणीवाल्या बाई. "मुलं आलीत गं, उकाड्याने पेंगायला लागलीत. पंखा नेऊ का?" पंखा गेला. ताई खाटेवर बसल्या. आणि आता माझं नशीब बघा. चादरवालं गिऱ्हाईक, शुक्रवारचा माणूस, गुरुवारीच उगवला. माझ्या टेबलावर मी नाही म्हणून घरी आला. त्याने ताईंकडे पाहिलं, मग ताईंच्या खाली पाहिलं.

"ही माझी चादर ना?"

मी म्हटलं, "इस्त्री किती टिकते ते बघत होते."

तुमच्या ताई हसायला लागल्या त्या थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी स्वतःच चादर उचलून नीट घडी केली, त्याच्या हातात दिली आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "अजून काही न्यायचं राहिलंय का कुणाचं?"

भिंगरी म्हणाली, "कप. पण चहा पिऊन घ्या आधी."

चहा झाला. ताईंनी भिंगरीचा पाय मांडीवर घेतला, तळवा हातात धरून पाहिला, बोटं एकेक करून हलवली. "दुखतं का?" "पळताना नाही. उभं राहिलं की." मग भिंगरीने त्यांना उंबऱ्यापासून मोरीपर्यंत पळून दाखवलं, कारण तिला तेच जास्त चांगलं येतं. जाताना ताई दादाला म्हणाल्या, "मी सगळं पाहिलंय. सगळं लिहीन."

आम्ही खूश. वहिनीने तर शाळेच्या बाईंनाही सांगून टाकलं.

आणि मग तुमचं उत्तर आलं. "निवासस्थान सुस्थितीत. अंतर्गत सजावट उच्च दर्जाची. कुटुंब साहाय्यास पात्र नाही."

दादाला "अंतर्गत सजावट" कळेना. मी समजावलं, "तुझ्या भिंतींचं कौतुक केलंय." त्याला क्षणभर बरं वाटलं, साहेब. देवाशपथ. मग पुढचं वाक्य कळलं तेव्हा तो खाली बसला.

आम्ही दोघं तुमच्या ऑफिसात आलो. ताई बाहेरच भेटल्या, कानकोंड्या झाल्या. म्हणाल्या, "आत्याबाई, मी सगळं लिहिलं. खुर्ची उसनी, पंखा उसना, चादर उसनी. पण भिंत उसनी असं कसं लिहू? वर फक्त फोटो गेले. फोटो बघून वरच ठरलं." काचेपलीकडे तुमची केबिन दिसत होती. मी रागाने बघत होते. दादा बघत होता तो वरच्या कोपऱ्यात. मला म्हणतो, "तिथे माझा हात हलला होता बघ. अजून तसंच आहे. विचारू का, नीट करून देऊ म्हणून?" मी त्याला चिमटा काढला.

तुम्ही बाहेर आलात. आठवत असेल. निळा शर्ट, कॉलरची इस्त्री वाईट. मी विचारलं तेव्हा तुम्ही चालता चालता म्हणालात, "अशा घरांना मदत केली तर खऱ्या गरजूंनी कुठे जायचं?" आणि लिफ्टचं दार बंद झालं.

तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. आमच्याहून वाईट हाल असलेली पोरं याच गल्लीत आहेत. त्यांचं आधी करा, आम्ही रांगेत मागे उभे राहू. पण तुम्ही आम्हाला रांगेतूनच काढलंत, आणि तेही पायाकडे न बघता. ज्या बाईने पाय हातात घेतला तिला तुम्ही विचारलंही नाहीत.

घरी आलो तर गल्ली सल्ला द्यायला हजर. सलूनवाला म्हणाला, "सोपं आहे. भिंती खरवडा, काजळी फासा, परत अर्ज करा. मी केस आणून टाकतो कोपऱ्यात, हवे तेवढे." ड्रायव्हरची बायको म्हणाली, "माझा फुटका कप देते." सगळे हसत होते, पण थट्टा करत नव्हते.

दादा म्हणाला, "माझ्या हाताने चांगली भिंत बिघडवणार नाही."

वहिनी शांतपणे म्हणाली, "पोरीचा पाय मोठा की तुमची भिंत?"

गल्ली एकेक करून पांगली. दादाने पुट्टीची पत्ती घेतली आणि हिरव्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. मग त्याने पत्ती टेकवली आणि ओढली. ताटाएवढा रंग खाली आला. मी आयुष्यात एवढा वाईट आवाज ऐकलेला नाही, आणि मी जळालेली सिल्कची साडी हातात घेऊन गिऱ्हाइकासमोर उभी राहिलेली बाई आहे.

भिंगरी लंगडत त्याच्याजवळ गेली. पडलेले पोपडे गोळा करायला लागली. बाप खरवडतो म्हणजे पुढे काय होतं हे तिला पाठ आहे.

"पप्पा, आता कोणता लावायचा?"

दादाच्या हातातली पत्ती तशीच राहिली.

"मला लाल आवडेल," ती म्हणाली. "पण लाल कोणाकडे उरत नाही ना?"

आधी वहिनीला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती दाबत होती, पण खांदे हलत होते. मग दादा हसला. हसता हसता खाली बसला, पोरीला मांडीवर ओढलं आणि तिचा वाकडा पाय हातात धरून बसून राहिला. वहिनी म्हणाली, "ठेवा ती पत्ती. वन्सं, तुम्हीच लिहा त्यांना. तुमची जीभ इथे फुकट जाते."

म्हणून लिहितेय.

साहेब, आमच्या हिरव्या भिंतीवर आता ताटाएवढा ठिगळासारखा डाग आहे. बाकीची भिंत तशीच आहे. पत्ती खाटेखाली आहे. सुट्टी लागायला फार दिवस उरलेले नाहीत, आणि हाडं तुमच्या बैठकीसाठी थांबणार नाहीत. भिंगरीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय की सुट्टीनंतर ती पुलाचे जिने स्वतः चढून येणार. तिला "अपात्र" हा शब्द आम्ही अजून सांगितलेला नाही. तो सांगायचं काम तुमचं.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं तुमच्या ऑफिसात येतोय. दादा, मी आणि ती. फोटो आणणार नाही, पोरगीच आणतोय. ती तुमच्या दारापासून टेबलापर्यंत चालून दाखवेल. पळूनही दाखवेल, तुम्ही अडवू शकणार नाही. तिचा पाय हातात घ्या. ताईंना शेजारी बसवा. आणि मग जे काय ते तिच्या तोंडावर सांगा. लिफ्टकडे जाता जाता नको, बसून सांगा.

ऑपरेशन करणार आहात की नाही?