दीपगृहाखाली उभा माणूस

मॅव्हिस ब्रॅकनबरीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं ऑब्री टिनडल स्वतःला सांगत असे. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. पत्र आलं त्या दिवशीच त्याने ते चारदा वाचलं होतं, आणि पुढचे अकरा महिने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुरंब्याच्या बरणीला टेकून उभं होतं. बरणी संपली की ऑब्री नवी आणी आणि पत्र तिला टेकवून ठेवी.

पत्र लहान होतं. नवऱ्याच्या, लेस्लीच्या, अंत्यविधीला आल्याबद्दल मॅव्हिसने आभार मानले होते, आणि मग लिहिलं होतं, 'तुम्ही त्याच्याबरोबर होतात. शेवटी तो कसा होता, एवढंच मला सांगा. घाबरला होता का? काही बोलला का? डॉक्टर म्हणतात त्याला काही कळलंही नसेल. पण डॉक्टर तिथे नव्हते. तुम्ही होतात.'

ऑब्रीने सदतीस वर्षं वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं होतं. पुस्तकांच्या संगतीत जन्म गेला, पण चार ओळींचं पत्र काही जमेना. पहिल्या वाक्यातला स्वल्पविराम पुढे सरकवायचा, मागे आणायचा आणि कागद फाडायचा, असं चाललं होतं. सांत्वनाची वाक्यं त्याला ढिगाने पाठ होती. ती आपण लिहिली की दुसऱ्याचा कोट अंगावर चढवल्यासारखी दिसतात, असं त्याला वाटे.

अर्थात खरी अडचण वाक्यांची नव्हती. लेस्ली गेला तेव्हा ऑब्री त्याच्याबरोबर होता हे खरं, पण ऑब्रीची त्याच्याकडे पाठ होती.

लेस्ली ब्रॅकनबरी प्लंबर होता. धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचा. वाचनालयाची फुटलेली पाइपलाइन दुरुस्त करायला आला आणि जाताना या लाजऱ्या, चष्मिष्ट माणसाला मिनी गोल्फ खेळायला घेऊन गेला. तिथून तेवीस वर्षं दोघं दर उन्हाळ्यात समुद्रकाठची मैदानं पालथी घालत हिंडले. लिंकनशरचा किनारा झाला, मग नॉर्फक, मग यॉर्कशर. एकशे एकतीस मैदानं झाली होती. कुठे पवनचक्की, कुठे चाच्यांचं गलबत, कुठे रंग उडालेला डायनोसॉर, आणि त्यांच्या पायांमधून, पोटातून, तोंडातून चेंडू मारायचा. मागून येणारी पोरंटोरं त्यांना ओलांडून पुढे जात. मॅव्हिस दोघांचे अंड्याचे सँडविच बांधून देई आणि म्हणे, जा, दोन म्हातारी बाळं खेळून या.

खेळ पोरकट असला तरी ते पोरकटपणे खेळत नसत. आपल्या फटक्यांचा आकडा स्वतः कुणी लिहायचा नाही, लेस्लीचा ऑब्रीने लिहायचा आणि ऑब्रीचा लेस्लीने. सुरुवातीच्या वर्षी ऑब्रीचं लक्ष एका सीगलकडे गेलं आणि तेवढ्यात लेस्लीचा चेंडू होलमध्ये पडला. दोन फटक्यांत की तीन, यावर घरी पोचेपर्यंत बसमध्ये भांडण. ड्रायव्हरने दोघांना गप्प बसवलं. त्यानंतर ऑब्रीने नियम घातला. लिहिणाऱ्याने चेंडू थांबेपर्यंत नजर हलवायची नाही. चेंडू पडला की आकडा मोठ्याने सांगायचा, लिहायचा, मगच मान वळवायची. ऑब्रीला नियम आवडत. लेस्लीने थट्टा केली, पण पाळला.

मार्लथॉर्पच्या मैदानावरचा चौदावा होल दीपगृहाचा. मारणारा वर चौथऱ्यावर उभा राहतो. चेंडू दीपगृहाच्या दारातून आत जातो, नळीतून खाली घरंगळतो आणि तळाच्या हिरव्या चटईवर बाहेर पडतो. वरच्याला खालचं काही दिसत नाही. म्हणून लिहिणारा खाली नळीच्या तोंडाशी उभा राहतो, वरच्याकडे पाठ करून. त्या होलवर लेस्लीला एका फटक्यात कधीच जमलं नव्हतं. तेवीस वर्षांत चौदा वेळा ते मार्लथॉर्पला आले असतील, आणि दर वेळी परतताना लेस्ली त्या नळीला शिव्या घाली. प्लंबर असून एक नळी माझं ऐकत नाही, म्हणे.

मागच्या सप्टेंबरात चेंडू नळीतून आला. सावकाश आला, होलच्या कडेला एक फेरी मारली आणि पडला. ऑब्री म्हणाला, "एक." कार्डावर एक लिहिला. वरून आवाज आला नाही. लेस्ली मुद्दाम गप्प राहून रुबाब करतोय, असं ऑब्रीला वाटलं. मान न वळवताच तो म्हणाला, "झालं. आता मरेपर्यंत हेच ऐकवशील." मग तो वळला.

हे मॅव्हिसला कसं लिहायचं?

त्यानंतर ऑब्रीला काही वाटेनासं झालं. दुःखसुद्धा. दात काढल्यावर ओठ जसा आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही, तसं. या उन्हाळ्यात तो एकटाच तीन मैदानांवर जाऊन आला, कारण उन्हाळ्यात जायचं असतं. चेंडू मारला. चेंडू पडला. पडला हे त्याने पाहिलं. त्याचा आकडा लिहायला कुणी नव्हतं आणि स्वतःचा लिहायचा नाही असा नियम होता, त्यामुळे कार्डं कोरी राहिली. येताना त्याने चिप्स खाल्ल्या, व्हिनेगर जास्त पडलं होतं, एवढंच लक्षात राहिलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मार्लथॉर्पहून नोरीनचा फोन आला. ती तिथल्या लाकडी खोलीत बसून पटर, म्हणजे चेंडू मारायची काठी, आणि चेंडू देई, आइसक्रीम विकी. मैदान हिवाळ्यासाठी बंद होतंय, खोली आवरतेय, लेस्लीचा पटर अजून माझ्याकडे पडलाय, येऊन घेऊन जा, असं तिने सांगितलं. ऑब्रीने बरं म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

मार्लथॉर्पला वारा होता. समुद्र मागे गेलेला, चहासारखा तपकिरी. मैदानावर एकही गिऱ्हाईक नव्हतं आणि नोरीन खुर्च्या एकमेकींत घालून ठेवत होती.

"या प्रोफेसर," ती म्हणाली. ऑब्रीला ती पहिल्या दिवसापासून प्रोफेसर म्हणत असे, कारण तो खेळायला येताना खिशात पुस्तक घेऊन येई. "किती वाळलात. स्वतः शिजवून खाता की नुसतं वाचता?"

तिने थर्मासमधला चहा दिला. पटर भिंतीला टेकून ठेवला होता. मुठीवर लेस्लीने स्वतः गुंडाळलेली निळी टेप होती, नळाच्या कामाची. हा मॅव्हिसकडे जायला हवा, असं ऑब्री म्हणाला. त्यावर नोरीनने सांगितलं की मॅव्हिसला तो देऊ केला होता, तिने घेतला नाही.

मॅव्हिस इथे येऊन गेली होती. ईस्टरला, एकटीच, दोन बस बदलून. तिने तो होल कुठला ते विचारलं, चौथऱ्यावर जाऊन उभी राहिली, मग खोलीपाशी येऊन नोरीनला म्हणाली की ऑब्रीला लिहिलं होतं पण त्याचं उत्तर नाही, त्याला फार लागलं असेल. तुम्ही काही पाहिलंत का?

"मग?" ऑब्रीने विचारलं.

नोरीन कपाचा कान पुसत राहिली. "मी सांगितलं, तो बसला तसे तुम्ही धावत वर गेलात. हात हातात धरलात. तुमच्याकडे बघून हसला आणि गेला."

ऑब्रीने हातातला चहा खाली ठेवला.

"मी इथेच होते," ती म्हणाली. "आइसक्रीमच्या पेटीत बर्फ भरत होते. तो दीपगृहाच्या पायरीवर बसलेला दिसला. म्हटलं, दमला असेल. पुन्हा पेटीत तोंड घातलं. पुढच्या वेळी वर बघितलं तर तुम्ही लिहीत होतात." तिने कप ठेवला. "मला माहीत आहे, प्रोफेसर. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही."

"तिला वाटतं मी..."

"वाटू दे की. बाई रडली, मला मिठी मारली आणि हलकी होऊन गेली. तुम्ही फक्त दोन ओळी लिहा, हो, असंच झालं. कुणाचं काय जातंय?"

कुणाचंच काही जात नव्हतं, हे ऑब्रीला पटलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच उत्तर सोपं झालं होतं. दुसऱ्याने लिहून दिलं होतं, फक्त सही करायची.

नोरीन म्हणाली, मी कुलूप लावेपर्यंत खेळून घ्या, आता एप्रिलपर्यंत बंदच. ऑब्रीला खेळायचं नव्हतं. पण तो चौदाव्या होलपाशी गेला आणि कधी नव्हे तो चौथऱ्यावर नुसता उभा राहिला. स्वतःच्या पाळीला तो तिथे कितीदा उभा राहिला होता, पण तेव्हा लक्ष चेंडूकडे असे. वरून खालची चटई दिसत नव्हती. नळीचं तोंड दिसत नव्हतं, होल दिसत नव्हता. चेंडू दारात शिरला की मारणाऱ्याचं काम संपलं. पुढे काय झालं ते खालच्या माणसाने सांगायचं, आणि वरच्याने ते ऐकायचं.

आपण 'एक' म्हटलं, ते लेस्लीला ऐकू गेलं का? वारा होता का त्या दिवशी? ऑब्रीने आठवून पाहिलं. आठवेना. आपण मोठ्याने म्हटलं की नेहमीसारखं पुटपुटलो, तेही आठवेना. आणि नंतरची ती थट्टा, ती ऐकू गेली असली तर? तो बराच वेळ उभा राहिला. नोरीनने लांबून हात केला तेव्हा खाली उतरला. तिने पटर वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, लिहा हं नक्की.

बसला अजून तासभर होता. पोस्टाशेजारच्या चहाच्या दुकानात बसून त्याने कागद काढला. कागद त्याच्या खिशात कायमच असे.

पहिल्याच झटक्यात त्याने लिहिलं, 'प्रिय मॅव्हिस, त्याचा हात माझ्या हातात होता आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं, जिंकल्यावरचं हसू.' त्याने ते वाचून पाहिलं. स्वल्पविरामाला हात लावायची गरज नव्हती. अकरा महिन्यांत त्याच्या हातून इतकं चांगलं वाक्य उतरलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला ते बघवेना. इतकं छान वाक्य त्याला स्वतःच्या आयुष्याबद्दल कधी सुचलं नव्हतं. मॅव्हिस हे वाक्य जपून ठेवील, शेजारणीला वाचून दाखवील, मरेपर्यंत उशाशी ठेवील. आणि लेस्लीच्या शेवटाच्या जागी ऑब्रीची कारागिरी राहील.

पण ती हलकी होऊन गेली होती. दोन बस बदलून आली आणि हलकी होऊन गेली. ते ओझं परत तिच्या खांद्यावर ठेवायचं, ते कशासाठी? स्वतःला मोकळं वाटावं म्हणून? त्याने स्वतःला नीट तपासून पाहिलं. मोकळं वाटेल असं काही आत दिसत नव्हतं. जे होतं ते सुन्न होतं आणि लिहिल्यावरही सुन्नच राहणार होतं. मग त्याला तिचं वाक्य आठवलं. डॉक्टर तिथे नव्हते, तुम्ही होतात. तिने धीर मागितला नव्हता. धीर द्यायला डॉक्टर होते, आणि तिने तो घेतला नव्हता. तिने खालच्या माणसाला विचारलं होतं, काय झालं.

त्याने कागद उलटा केला आणि लिहिलं.

'प्रिय मॅव्हिस,

उत्तराला उशीर झाला. कारण लाजेचं आहे.

नोरीनने तुम्हाला सांगितलं तसं झालं नाही. तिने ते तुमच्या मायेपोटी सांगितलं, तिच्यावर रागावू नका. मी खाली होतो आणि माझी त्याच्याकडे पाठ होती. मी चेंडूकडे बघत होतो. आमचा तसा नियम होता आणि तो मीच घातला होता. तो कसा दिसत होता, घाबरला होता का, मला माहीत नाही. तो काही बोलला नाही, किंवा बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही.

चेंडू एका फटक्यात गेला. दीपगृहावर त्याला हे कधीच जमलं नव्हतं, तुम्ही ते घरी पुष्कळ ऐकलं असेल. मी "एक" म्हणालो. किती मोठ्याने म्हणालो ते मला आठवत नाही. त्यामुळे त्याला ते कळलं, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. मग मी त्याची थट्टा केली, आता मरेपर्यंत हेच ऐकवशील म्हणून. वळलो तेव्हा तो पायरीवर बसला होता आणि गेला होता. त्याआधी नोरीनने त्याला तिथे बसलेला पाहिलं होतं. तो दमला असेल, असं तिला वाटलं.

मी आधी वळलो असतो तर काही झालं असतं का, ते डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नाही.

ते कार्ड माझ्याकडे आहे. चौदाव्यापर्यंत भरलेलं आहे. हवं असेल तर पाठवीन.

ऑब्री'

त्याने पुन्हा वाचलं नाही. वाचलं तर स्वल्पविराम दिसतील हे त्याला माहीत होतं. उलट्या बाजूला ते छान वाक्य तसंच होतं, म्हणून त्याने सगळं स्वच्छ कागदावर उतरवून घेतलं आणि पहिला कागद खिशात घातला.

पोस्टात काउंटरवरच्या बाईने विचारलं, पहिल्या वर्गाने की दुसऱ्या? दुसऱ्याने सोमवारी पोचेल, पहिल्याने उद्याच. उद्या शुक्रवार. मॅव्हिस सकाळी दार उघडेल, पायपुसणीवरचं पाकीट उचलेल आणि अक्षर ओळखेल. दुसऱ्या वर्गाने शनिवार-रविवार तरी तिला शांत मिळतील. मागे एक म्हातारी मांजराच्या औषधाचं पार्सल घेऊन उभी होती आणि घसा खाकरत होती.

"पहिल्या," तो म्हणाला.

तिकीट त्याने स्वतः चिकटवलं, जरा वाकडं बसलं. बाहेर येऊन त्याने लाल पेटीवरची वेळ पाहिली. पुढची टपाल काढायची वेळ पावणेपाच होती, आत्ता साडेचार झाले होते. त्याने पाकिटावरचा पत्ता एकदा वाचला, घराचा नंबर बरोबर होता, आणि पाकीट आत टाकलं.