पाठ नसलेलं पान

तिला सगळी शाळा ‘रेडिओ’ म्हणायची. एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. दुसरीतल्या बाकीच्या पोरांना एकेका ओळीतून मला अक्षरशः ढकलत न्यावं लागायचं, आणि ही उभी राहिली की अख्खा धडा घडाघडा. स्वल्पविरामाला थांबायची, प्रश्नचिन्हाला आवाज चढवायची. पाहुणे आले की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना थेट माझ्या वर्गात आणायच्या आणि हिला उभी करायच्या. पाहुणे खूश, मोठ्या बाई खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू? या शाळेत येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि आयतं श्रेय कुणाला नको असतं!

तिच्या वडिलांचं सलून शाळेच्या पुढच्या चौकात होतं. संध्याकाळी ही तिथल्या रिकाम्या खुर्चीत पाय हलवत बसायची आणि गिऱ्हाइकांना धडे वाचून दाखवायची. वडील कात्री थांबवून आरशातून विचारायचे, “कशी वाटली आमची लेक?” ज्याची मान कात्रीखाली आहे तो माणूस वाईट थोडाच म्हणणार!

त्या दिवशी खारीचा धडा होता. आदल्या तासाला कागदकाम झालं होतं आणि तिच्या पुस्तकाची दोन पानं डिंकाने एकमेकांना चिकटली होती. मी बाकांमधून फिरत तिच्या मागे येऊन उभी राहिले. तिने पान उलटलं, तर दोन्ही पानं एकदमच उलटली. आता तिच्या समोर होती ढोलीत गाढ झोपलेली खार, चित्रासकट. आणि ही वाचत होती, “खार फांदीवरून घसरली आणि धपकन ओढ्यात पडली!” ओढा त्या चिकटलेल्या पानांच्या आत होता. तिचं बोट मात्र झोपलेल्या खारीच्या ओळींखालून शिस्तीत पुढे सरकत होतं.

वर्गात कुणाला काही कळलं नाही.

मधल्या सुट्टीत मी तिला थांबवून घेतलं आणि कपाटातलं एक नवं कोरं पुस्तक तिच्या हातात दिलं. पानावर छत्री घेतलेल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. ती चित्राकडे बघत राहिली, मग खणखणीत आवाजात म्हणाली, “एक होते आजोबा. त्यांची छत्री फार जुनी होती. एकदा काय झालं...” गोष्ट झकास होती. पुस्तकात मात्र छत्री दुरुस्त कशी करतात ते लिहिलेलं होतं.

“बाळा, हे सगळं इथे लिहिलंय?”

ती बुटांकडे बघायला लागली. “हे ताईने अजून वाचून नाही दाखवलं,” ती म्हणाली.

मग सगळा उलगडा झाला. सहावीतली ताई रोज संध्याकाळी हिला दुसऱ्या दिवशीचा धडा वाचून दाखवायची. हिचे कान इतके तिखट, की दोनदा ऐकलं की पाठ. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. ताईला वाटायचं आपण सराव करून घेतोय. वडिलांना वाटायचं लेक हुशार आहे, आणि ती होतीच. तिला स्वतःलाही वाटायचं, की पुस्तक समोर धरून न चुकता बोलायचं, यालाच वाचन म्हणतात. तसं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी फळ्यावर ‘के’ काढला. “हे काय आहे?”

तिने बोटं उघडली आणि हळू आवाजात गायला लागली, “क, का, कि, की, कु, कू, के... के!” चेहरा फुलला. तिला अख्खी बाराखडी येत होती, पण फक्त गाण्यासारखी, सुरुवातीपासून. मधल्या कुठल्याही अक्षराला पोचायचं तर तिला दर वेळी ‘क’पासून निघावं लागे. अशाने ‘केळी’ वाचेपर्यंत केळी पिकून जायची.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “वाचते ना? मग झालं तर. चांगलं चाललेलं कशाला उकरता?”

“तिसरीत पुस्तकं जाड होतात, बाई. ताई किती वाचून दाखवणार? आणि आता हिला वाचता आलं नाही, तर ही मागच्या बाकावर जाईल आणि ‘आधी किती हुशार होती’ असं ऐकत शाळा संपवेल. मी अशी पोरं पाहिलीत.”

“तुमचा आवाज जरा कमी करा,” मोठ्या बाई म्हणाल्या. माझ्या आवाजाबद्दल मी जिथे जिथे नोकरी केली तिथे तिथे तक्रार झालेली आहे. मी तो कमी केला नाही, पण परवानगी तेवढी घेऊन आले.

मी ताईला बोलावून सांगितलं, की आजपासून धडे वाचून दाखवणं बंद. तिने सुटकेचा इतका मोठा निःश्वास सोडला, की मला हसू आलं. मग रोज शाळा सुटल्यावर मी आणि रेडिओ वर्गात बसायला लागलो. मी कार्डांवर अक्षरं लिहिली आणि पत्त्यांसारखी पिसली. के, पु, मी, टो. गाणं तोडायचं होतं. आधी ती ओठांतल्या ओठांत गायची. मी म्हणायचे, “गाणं नको, नुसतं बघ आणि म्हण.” सवय काही केल्या सुटेना. माझा पारा चढायचा आणि मी खिडकीपाशी जाऊन उभी राहायचे, कारण ओरडून अक्षर डोक्यात शिरत नाही, हे एवढं मला कळतं.

अक्षरं जरा बसली तेव्हा शब्द घेतले. पण खरे शब्द दिले की ही पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकायची. म्हणून मी नसलेलेच शब्द तयार केले. टेमू. गोकीला. फुरेबा.

“बाई, टेमू म्हणजे काय?”

“काही नाही.”

“मग लिहिलं कशाला?”

“तुला ओळखता येऊ नये म्हणून.”

तिला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी तिने घरून चिठ्ठी आणली आणि माझ्यासमोर टाकली. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ढौगुळेपी’. “वाचा,” ती म्हणाली. मी वाचलं. “बरोबर,” असं म्हणून तिने मान डोलावली, आणि त्या दिवशी मला वाटलं की ही पोरगी आता हातची जात नाही.

बाकीच्या पोरांना मी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला द्यायचे. पहिल्यांदा अडखळत, मग जरा सरळ, मग ओघात. सगळ्या वाचणाऱ्यांचं असंच होतं. हिला तो मार्ग बंद होता. दुसऱ्या वेळेपर्यंत उतारा पाठ झालेलाच असे. त्यामुळे मला रोज चहा पिता पिता चार नवी वाक्यं लिहावी लागत. दाढी करायला आलेला बोकड, शिट्टी हरवलेला पोलीस, भोक पडलेला मोजा. जे शब्द एका दमात म्हणायचे त्यांच्याखाली मी पेन्सिलीने कमान काढायचे, म्हणजे ती एकेक शब्द सुटा न फेकता सगळे जोडून म्हणेल. माझी वाक्यं तिला फारशी आवडायची नाहीत. “बोकड बोलत नसतो,” ती म्हणायची. पण वाचायची.

आणि इथेच गंमत संपली. ती खरं वाचायला लागली, म्हणजे हळू वाचायला लागली. वर्गात उभी राहिली की एकेक शब्द चाचपडत पुढे जायची. मागून कुणीतरी ओरडलं, “रेडिओला खरखर लागली!” आणि वर्ग फिदीफिदी हसला. मी असा आवाज लावला की शेजारच्या वर्गाचाही तास थांबला. पण जे व्हायचं ते झालं होतं. ती खाली बसली आणि पुस्तकात तोंड खुपसून रडली. “मला आधीसारखंच वाचू द्या ना,” ती मला नंतर म्हणाली. मला फार वाईट वाटलं. वर्गातल्या सगळ्यात चांगल्या वाचणारीला मी सगळ्यात वाईट वाचणारी करून ठेवलं होतं, आणि ती पुन्हा वर येईल याची हमी माझ्याकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील शाळेत हजर. खांद्यावरचा टॉवेलसुद्धा काढायचा राहिला होता.

“बाई, माझी मुलगी घडाघडा वाचायची. तुमच्या हातात दिली आणि आता ततपप करते. काल गिऱ्हाइकांसमोर वाच म्हटलं तर खुर्चीतून उतरून पळाली. काय केलंत तुम्ही तिला?”

मी पानं चिकटल्याचं सांगितलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण पटलं नाही. “पाठ होतं तर पाठ होतं. निदान मान ताठ करून उभी तरी राहायची,” ते म्हणाले. त्यांनी मोठ्या बाईंना सांगून टाकलं, की सोमवारपासून पोरीला शेजारच्या तुकडीत घाला. शेजारच्या तुकडीच्या बाई भल्या होत्या. त्यांनी हिला पाठ म्हणू दिलं असतं, शाबासकीही दिली असती. ताईने पुन्हा संध्याकाळी पुस्तक उघडलं असतं. मग वर्षभरात सगळं जिथल्या तिथे.

रविवारी मी सलूनमध्ये जाऊन थडकले. एका खुर्चीत एक गिऱ्हाईक तोंडभर फेस लावून बसलं होतं. दुसऱ्या खुर्चीत रेडिओ होती, आणि मला बघताच तिने मान वळवली.

“दादा, एकदा तिला वाचू द्या. मग हवं तिथे घाला,” मी म्हणाले आणि घरून लिहून आणलेला कागद पुढे केला.

“तुम्ही आणलंय ते तुम्हीच तिच्याकडून घोकून घेतलं असेल,” वडील म्हणाले. वस्तरा चालूच होता.

मला राग आला, पण बोलणं चुकीचं नव्हतं. “मग तुम्हीच लिहा,” मी म्हणाले. “तिने कधी ऐकलं नसेल असं. ताईलाही माहीत नसेल असं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेक खुर्चीत अंग चोरून बसली होती. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि तिच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं. बराच वेळ पेन हातात नुसतं धरून होते. मग भराभरा लिहिलं आणि पान तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने पान उचललं. बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

“मी... न... नवीन... होतो. मा-ल-कांनी... मालकांनी मला... प-हि-लं... पहिलं... गि...” ती थांबली. ‘ऱ्हा’ हे अक्षर आम्ही अजून घेतलंच नव्हतं. वडील पुढे झुकून सांगायला निघाले तशी मी त्यांच्या बाहीला धरलं. ती ओठ हलवत राहिली. “गि-र... गि-र-हा... गिऱ्हाईक! बाबा, गिऱ्हाईक!” आपल्या दुकानातला रोजचा शब्द कागदावर असा दिसतो, हे तिला पहिल्यांदाच दिसलं होतं.

“हं,” फेसाखालून गिऱ्हाइकाने हुंकार दिला.

“पहिलं गिऱ्हाईक दिलं. त्याच्या मिशा... मोठ्या होत्या. मी कात्री... धरली. मला शिंक आली.” आता शब्द जोडून येत होते. मी मनातल्या मनात कमानी काढत होते. “कात्री...”

आणि ती गप्प झाली. मान खाली, खांदे हलताहेत.

“बघा,” वडील कळवळून म्हणाले. “पुन्हा रडवलीत ना माझ्या पोरीला.”

तिने मान वर केली. ती हसत होती. हसता हसता तिला बोलवतच नव्हतं. तिचे डोळे तोंडाच्या पुढे गेले होते, पुढची ओळ तिने आवाज न करता आधीच वाचली होती. इतकी वर्षं मी शिकवतेय ते याच एका क्षणासाठी, आणि तो बघायला मिळाला की मला दर वेळी रडू येतं. तेव्हाही आलं.

“कात्री चालली,” तिने कसंबसं म्हटलं. “अर्धी मिशी खाली पडली! गिऱ्हाईक झोपलं होतं.”

तिने पान उलटलं. मागे कोरं होतं. तिने ते पुन्हा सुलटं करून पाहिलं.

“संपलं? बाबा, मग तो उठला? त्याने तुला मारलं?”

वडिलांनी टॉवेलने डोळे पुसले आणि डोळ्यांत फेस गेल्यासारखं दाखवलं. “अगं, मग काय झालं माहितीये का,” ते म्हणाले, “मालक होते बाहेर, आणि...”

“नको!” तिने दोन्ही हात कानांवर दाबले आणि पान त्यांच्यापुढे धरलं. “सांगू नको ना, बाबा. लिहून दे.”

वडिलांनी खुर्चीशेजारचं स्टूल ओढलं, बसले आणि पेनाचं टोपण काढलं.

“आणि माझी दाढी?” अर्ध्या फेसातून गिऱ्हाइकाने विचारलं.

“थांबा हो जरा,” वडील मान वर न करता म्हणाले. “पोरगी वाचायला थांबलीय.”