बसच्या मागच्या दिव्यांमागं

आदिलाबादच्या दवाखान्याकडं जाताना इंद्रवेल्ली मागं पडली आणि खुशालच्या जुन्या जीपमध्ये बॅटरीचा लाल दिवा पेटला. मागच्या सीटवर मैत्रीच्या मांडीत हर्षदीप होता. इवल्या तोंडावर वाफेचा मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. मास्कचं मशीन जीपच्याच इन्व्हर्टरवर घरघरत होतं.

"काय झालं वो?"

खुशाल गाडी चालू ठेवूनच उतरला. बॉनेट उघडताच करपट वास आत आला.

"अल्टरनेटर जळला. बॅटरी चार्ज होत नाही आता."

"फ्यूज गेला असंन. दुसरा टाका ना."

"फ्यूज हाय कुठं?" त्यानं मान खाली घातली. "जयंतीच्या मिरवणुकीत भोंगे, लायटिंग, समदं याच्यावरच लावलं होतं. फ्यूज सारखा उडे. मंग तार लावली."

भार वाढला की फ्यूजनं स्वतः वितळायचं आणि अल्टरनेटर वाचवायचा. जाड तार कशाला वितळते? तेव्हाच अर्धामेला झालेला अल्टरनेटर आज हेडलाइट आणि मशीनच्या भारानं गेला.

"डिझेल गाडी हाय, चालत राहीन," खुशाल म्हणाला. "पण बॅटरीत उरलं तेवढंच. लाइट ठेवू का मशीन?"

बाहेर धुकं असं, की बॉनेटच्या पुढं रस्ताच नव्हता.

"मशीन," मैत्री म्हणाली. "अन् इंजन बंद पडू देऊ नका."

"तेवढं मले समजते."

"समजत असतं तं तार लावली असती?"

त्यानं बॉनेट लावलं, स्टिअरिंगवर येऊन बसला आणि बटण फिरवलं. हेडलाइट विझले. मागून एक ट्रक हॉर्न ठोकत अंगावरून गेल्यासारखा गेला. मग आदिलाबादची बस पुढं आली आणि खुशालनं तिच्या मागच्या लाल दिव्यांना जीप जणू बांधूनच टाकली.

पण बसच ती. गाव आलं की थांबे.

"काऊन थांबून राह्यली ही?" मैत्री रडकुंडीला आली. मग बाळाच्या कपाळावर ओठ टेकून पुटपुटली, "निघते हं आता. तू दम घे माह्या राजा. एक घे. आणखी एक."

मशीनची घरघर बारीक होत गेली. दवाखान्याची कमान दिसली तेव्हा मास्कमधली वाफ थांबली होती. मैत्री बाळाला छातीशी धरून धावली.

खुशालचा हात सवयीनं चावीकडं गेला. चावी फिरली आणि जीप फाटकातच बंद झाली.

"गाडी हटाव!" वॉचमन ओरडला.

"चालू होत नाही," खुशाल म्हणाला आणि जागचा हलला नाही. आतून हर्षदीपचं रडणं येतंय का, एवढंच तो ऐकत होता.

बऱ्याच वेळानं ते आलं. चिरकं, रागावलेलं.

मग त्यानं बॉनेट उघडलं आणि ती तार, तापल्या इंजिनला बोटं भाजत असतानाही, ओढून काढली.