शिक्का शेवटी

सोमवारी आमच्या ऑफिसात येणाऱ्यांची टोकनं तपासणारं सॉफ्टवेअर कोलमडलं आणि मंगळवारी सकाळी नऊ वाजता मला त्याच्या जागी बसवण्यात आलं. ते मीच लिहिलेलं असल्यामुळे दुसरं कोणी बसेल अशी अपेक्षाही नव्हती. आत एक खोली आहे, एक खिडकी, एक टेबल आणि टेबलावर स्टीलची तीन तबकं. खुर्ची नेमकी माझ्या मापाची निघाली, याचं थोडं वाईट वाटलं.

काम सोपं आहे. माणूस खिडकीतून टोकन देतो. टोकन म्हणजे कागदाची पट्टी, तिच्यावर दोन टिंबं. टिंब आलं की तिथे फाडायचं. तीन तुकडे होतात: कोण आलंय, कशासाठी आलंय, आणि शिक्का. प्रत्येक तुकडा वेगळ्या तबकात ठेवायचा. सगळे ठेवून झाले की मग शिक्का खरा की खोटा ते बघायचं, खरा असला तर माणसाला आत सोडायचं, आणि जे घडलं ते घडेल तसं लॉगमध्ये लिहायचं. हा तोच लॉग आहे. हातातलं टोकन संपल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही.

रांगेत दुसरी माझी आक्का उभी होती.

ती गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने आली असणार. आठ वर्षं आम्ही बोललो नव्हतो. बाबा गेले तेव्हा मी दिवसकार्यालाही गेलो नाही, कारण याच सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, आणि नंतर तिला फोन करायची माझी छाती झाली नाही. या आठ वर्षांत माझ्याकडे कोणीही आलेलं नाही. दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून जातो. आक्का आत यावी आणि समोर बसावी, एवढंच मला हवं होतं. तिच्या टोकनाची मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती.

तिच्या पुढे एक गृहस्थ होते. बिनबाह्यांचा स्वेटर, नीट पाडलेला भांग. त्यांनी घडी घातलेलं टोकन आत सरकवलं. मी ते उलगडलं. त्यावर नुसती टिंबं होती. मी पहिल्या टिंबापाशी फाडलं. तुकडा कोरा निघाला. तो तबकात ठेवला. तीन तबकं भरल्यावर चौथं आपोआप आलं आणि खोली माझ्या पाठीमागे एका तबकाने लांब झाली.

टोकन उलगडतच होतं.

"बरीच टिंबं दिसतात," मी म्हणालो.

"सावकाश होऊ दे," गृहस्थ म्हणाले. "मला घाई नाही."

खोलीला लागणारी लांबी तिच्याच रुंदीतून निघत होती. दहा वाजता माझी कोपरं दोन्ही भिंतींना टेकली. बारा वाजता खोली कॅन्टीनमधून आरपार गेली. लोक ताटं उचलून बाजूला झाले आणि उभ्यानेच जेवले. कोणी काही बोललं नाही, कारण आमच्याकडे कोणी काही बोलत नाही.

केळसकर मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, तबकांच्या कडेकडेने तिरक्या चालत आल्या.

"मॅडम, आधी शिक्का बघू का? खोटा असेल तर बाकीचं फाडायलाच नको."

"तुझ्या कोडमध्ये तसं आहे?"

"नाही."

"निदान टिंबं आधी मोजायची, असं काही?"

"नाही. टिंबं दोनच असतात, असं मी धरून चाललो होतो."

"मग चालू दे," त्या म्हणाल्या आणि तिरक्याच परत गेल्या. त्यांची केबिन पाऊणच्या सुमाराला खोलीत गेली.

"विदू," खिडकीतून आक्काचा आवाज आला. "हा माणूस खोटा आहे रे. सगळ्या रांगेला दिसतंय की."

"मलाही दिसतंय, आक्का. पण ते शेवटी बघायचं असतं."

"कुणी ठरवलं असलं?"

"मी."

लहानपणी माझी चूक पकडली की ती अशीच गप्प बसायची, आणि मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं. मी तुकडे फाडत राहिलो. मला रडू येत होतं, पण डोळे पुसायला हात वर नेण्याइतकी रुंदी उरली नव्हती.

चार वाजता इमारत संपली. तबक आलं, पण ठेवायला जागा नव्हती. मॅडमचा फोन आला.

"तुझ्यातली जागा वापर."

मी तबक कपाळाशी धरलं. ते आत गेलं आणि तिथे जे होतं ते निघून गेलं. मग प्रत्येक वेळी काय देतोय ते मी आधी लिहून ठेवलं. सतरा ते एकोणतीसचे पाढे. भाड्याच्या घराचा रस्ता. कॉलेजातले सगळे. आई आणि तिच्या हातच्या कटाच्या आमटीचा वास. बाबा सायकलला टेकून उभे आहेत, तो रविवार. पावणेसहा वाजता टोकनाचा शेवटचा तुकडा माझ्या हातात आला आणि माझ्यात एकाच तबकाची जागा राहिली. तिथे आक्का होती.

"काय झालं? थांबलास का?" तिने विचारलं.

"आता फक्त तू उरलीस."

"मग दे की. मी इथं उभी आहे की जिवंत. आत कशाला धरून बसलास मला? टाक ते तबक आणि घे माझं टोकन."

सहाला पाच कमी होते. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी तबक कपाळाशी धरलं.

सगळे तुकडे ठेवून झाले. शिक्का बघितला. शिक्का नव्हताच.

"टोकन खोटं आहे," मी म्हणालो.

"बरं," गृहस्थ म्हणाले. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खिशातून दुसरी घडी काढली.

पुढे एक बाई होत्या. पन्नाशीच्या, पायांवर प्रवासाची धूळ. त्यांनी पट्टी दिली. टिंबं दोन. पहिल्या तुकड्यावर कुमुद, दुसऱ्यावर भावाला भेटायचं आहे. शिक्का खरा होता. सहाला दोन मिनिटं बाकी होती.

"या आत," मी म्हणालो. "तुमचे भाऊ कुठे बसतात?"

बाईंनी खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.