जळक्या पाटीवरचं नाव

अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, किशनराव हेडमास्तरानं चांगुणाबाईची बायकांची शाळा जाळली. शाळा कसली, बौद्धवाड्यातलं पत्र्याचं छप्पर, चौदा पाट्या अन् तिसरी शिकलेली एक विधवा. पाट्यांच्या चौकटी जळाल्या, दगड तेवढे राहिले. चांगुणाबाई रडली नाही. दुसऱ्या आठवड्यात लिंबाखाली शाळा भरवली, अन् काळवंडलेली एक पाटी उशाला ठेवली. सहा वर्षं.

मग किशनरावानं सेलूहून दुसरी बायको आणली अन् पहिलीची, नर्मदाबाईची, खाट गोठ्यात टाकली. सरकारी नोकराला दोन बायका चालत नाहीत, नोकरी जाते, हे चांगुणाबाईला पक्कं ठाऊक. तिनं परभणीला अर्ज धाडला अन् आपल्या पायानं त्या गोठ्यात गेली. नर्मदाबाईची कीव आली म्हणून नव्हे. शाळा जाळली त्या दिवशीचा घासलेटचा डबा हिच्याच सैपाकघरातून गेला होता.

"साहेब येणार हाय चौकशीला. नवऱ्याचं नाव इचारंल. काय सांगताल?"

"नाव घ्यायला लावू नका आक्का. मेले तरी तोंडात यायचं न्हाई."

"त्याला बी तेच ठाऊक हाय, म्हणून निवांत झोपायलाय मेला. तोंडानं नका घेऊ. हातानं घ्या."

रोज दुपारी हेडमास्तर शाळेत गेला की गोठ्यात जळकी पाटी निघायची. बाकीच्या बायकांना चांगुणाबाई अ-आपासून शिकवी, हिला एकच नाव. गिरवून झालं की चांगुणाबाई ते थुंकीनं पुसायची. ओला फडका शेजारीच असायचा.

तिसऱ्या आठवड्यात साहेबाची जीप आली. शाळेतच टेबल मांडलं. गाव दाराशी गोळा झालं, पण बोलायला कोणी पुढं येईना.

"ही आमच्या गोठ्यातली कामाची बाई, साहेब," किशनराव म्हणाला. "फूस लावली हिला. बायको असेल तर विचारा ना, नवऱ्याचं नाव काय?" अन् मिशीत हसला.

नर्मदाबाईनं पदर सावरला. त्याच्याच टेबलावरचा खडू घेतला अन् त्याच्याच फळ्यावर लिहिलं, किशनराव मुंजाजी. अक्षरं वाकडीतिकडी, पण वाचता येत होती.

हसू मिशीतच वाळलं. चांगुणाबाईनं फळ्याकडं पाहिलंच नाही, त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. सहा वर्षांनी पोटभर जेवल्यागत वाटलं तिला.

साहेबानं जबाब लिहून कागद पुढं सरकवला. "सही करा, बाई."

नर्मदाबाईनं अंगठा पुढं केला.

तेव्हा कुठं चांगुणाबाईच्या ध्यानात आलं. तीन आठवडे त्या मेल्याचं नाव गिरवून घेतलं, अन् बाईचं स्वतःचं नाव शिकवायचं राहूनच गेलं. तिच्याच शाळेतली बाई अंगठा उठवणार, अन् तो उभा राहून बघणार. शाईला टेकायच्या आत तिनं तो अंगठा वरच्यावर धरला.

"साहेब, च्या घ्या तवर. सही व्हईल."

"किती वेळ लागेल?"

"लागंल तेवढा. हेडमास्तरास्नी हितंच उभं राहू द्या. आमी बी लय थांबलोत."

साहेबानं घड्याळ पाहिलं, मग किशनरावाकडं पाहिलं अन् चहा मागवला. चांगुणाबाईनं कमरेचा ओला फडका काढून नर्मदाबाईच्या हातात दिला.

"जागा करा आधी."

नर्मदाबाईनं नवऱ्याचं नाव पुसलं. घाई केली नाही.