उणे तीन

गॅरेजवाल्या लिंडनरने इंजिनातल्या पाण्याचा एक थेंब ड्रॉपरने काढला, वीतभर नळीच्या टोकाला असलेल्या काचेवर ठेवला आणि नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. मग ती गुरुदत्तच्या हातात दिली. गुरुदत्तने पाहिलं आणि तो भडकलाच.

"बघा बाबा," तो सासऱ्यांकडे वळला, "उणे तीन! ऑक्टोबरमध्ये ह्यांनीच सर्व्हिसिंग केलंय. उणे पंचवीसपर्यंत गोठणार नाही, असा टॅग स्वतःच्या हाताने लिहून बॉनेटखाली अडकवलाय. आणि आत बघितलं तर जवळजवळ नुसतं पाणी!"

शरदचंद्र वाळिंब्यांनी नळीला डोळा लावला. आत वर निळं, खाली पांढरं दिसत होतं आणि मधली रेघ तीनच्या आकड्यावर उभी होती. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण आकडे येत होते.

२००९चा जानेवारी होता. जर्मनीतल्या येनात दोन रात्रींपूर्वी पारा उणे अठरावर गेला होता आणि गुरुदत्तची बारा वर्षांची जुनी गाडी घराखाली उघड्यावर उभी होती. सकाळी तो कामावर निघाला, तर दुसऱ्या सिग्नललाच तापमानाचा काटा लाल रेघेत गेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि बॉनेटखालून वाफ! गाडी ओढून लिंडनरच्या गॅरेजमध्ये आणली. तिथल्या उबेत आतला बर्फ वितळला, तशी इंजिनाच्या कडेने धार लागली. बर्फाने फुगून बाजूची पत्र्याची टोपी ढकलून दिली होती. रेडिएटरही चिरला होता. इंजिन वाचलं, एवढंच नशीब.

गुरुदत्त आणि लिंडनर यांची जर्मनमध्ये जुंपली. म्हणजे बोलत होता गुरुदत्तच. साठीचा लिंडनर एक जाडजूड वही उघडून ऑक्टोबरचं पान वाचत होता. त्याने ते पान तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याने चष्मा काढून पुसला.

शरदचंद्रांना तो चष्मा पुसणं बघवेना.

कराडच्या आयटीआयमध्ये त्यांनी एकतीस वर्षं मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवला होता. कूलिंग सिस्टिमचा धडा त्यांना झोपेतसुद्धा म्हणता आला असता. त्या धड्याच्या शेवटी चार ओळी होत्या, की अतिथंड प्रदेशात पाण्यात गोठणरोधक द्रव मिसळावा. वाळिंबे सर दर वर्षी त्या ओळी भरभर वाचून म्हणायचे, "हे परीक्षेला येत नाही, पुढे चला." कराडात कोणाचं पाणी गोठणार होतं!

गेल्या वर्षी बायको, कुसुम, गेली. एकटे राहून ते जेवायचेसुद्धा विसरतात म्हटल्यावर लेकीने, नंदिनीने, त्यांना तीन महिन्यांसाठी इथे आणलं. इथे भांडी मशीन घासायचं, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे त्यांना उमगायचं नाही. लेकीच्या घरी रिकामं बसून खायचं म्हणजे त्यांना अवघड होत होतं. एक काम तेवढं सापडलं. सकाळी जावई उठायच्या आधी खाली जाऊन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा.

काच झाली की हात आपोआप बॉनेटकडे गेला. बघतात तर टाकीतलं पाणी खुणेच्या बोटभर खाली. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी पाणी न पिणारा रेडिएटर पाहिला नव्हता. ज्यूसच्या रिकाम्या बाटलीतून त्यांनी नळाचं पाणी आणून घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. असं रोज, दोन महिने. जावयाला आयतं मिळतंय, आपला उपयोग होतोय, ह्याचं त्यांना फार बरं वाटायचं. इथल्या गाडीचं पाणी मुळात कमी होतच नाही, झालं तर कुठेतरी गळतंय असं समजायचं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. टॅग त्यांनी पाहिला होता. सर्व्हिसिंगची तारीख असेल म्हणून सोडून दिला होता.

घरी आल्यावर गुरुदत्त कोट न काढताच लॅपटॉपपाशी बसला. "गेनाऊ, बरोब्बर! आता लेखी तक्रारच देतो. वकिलाच्या खर्चाचा इन्शुरन्स कशाला भरतोय मी दर वर्षी?"

स्वयंपाकघरात नंदिनीने नळ सोडला आणि आवाज खाली आणला. "बाबा, बाटली घेऊन तुम्ही खाली जायचात ना?"

"तू बघितलंस?"

"रोज बघायचे खिडकीतून. मला वाटलं, काच धुताय." तिने बाहेरच्या खोलीकडे नजर टाकली. मग म्हणाली, "त्याला काही सांगू नका. तो तोंडावर एक शब्द बोलणार नाही, पण त्याच्या मनात राहील. तुमच्याबद्दल त्याच्या मनात असं काही राहिलेलं मला नाही चालणार."

"आणि तो गॅरेजवाला?"

"त्याचाही इन्शुरन्स असेलच की."

शरदचंद्र ओट्याला टेकून उभे राहिले. लेक बोलली ते मायेपोटी, हे त्यांना कळत होतं. आणि गप्प बसणं सोपं होतं. तीन आठवड्यांनी ते कराडला परतले असते, प्रकरण मिटलं असतं. पण तो लिंडनर आज रात्री झोपणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण गोठणरोधक द्रव मिसळला की नाही, हेच तो आठवत बसेल. उद्या दुसऱ्या कोणाची गाडी हातात घेतली की त्याला पुन्हा तेच आठवेल. कामात चोख असलेला माणूस एकदा स्वतःवरच संशय घ्यायला लागला की त्याचं काही खरं नसतं. असे दोन-तीन त्यांनी पाहिले होते.

ते बाहेरच्या खोलीत आले.

"गुरुदत्तराव, ते पत्र राहू द्या. पाणी मी घातलंय."

गुरुदत्तची बोटं थांबली. "कधी?"

"रोज. आल्यापासून."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. गुरुदत्तने लॅपटॉप मिटला.

"मला एकदा विचारायचं तरी, बाबा. मी त्या माणसाला त्याच्याच गॅरेजमध्ये लबाड म्हणालो हो." मग तो उठला, कोट काढून खुर्चीवर टाकला. "ह्यापुढे गाडीला हात लावू नका. प्लीज."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या प्लीजने शरदचंद्रांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री ते जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं.

शुक्रवारी गाडी तयार झाली, तेव्हा ते हट्टाने जावयाबरोबर गॅरेजला गेले. ट्राममध्ये ओठ हलवत राहिले. नंदिनीकडून त्यांनी एकच वाक्य घोटून घेतलं होतं. लिंडनर समोर येताच, गुरुदत्तने तोंड उघडायच्या आत, ते म्हणाले, "एस वार माइन फेलर." चूक माझी होती. उच्चार कराडचा होता, पण लिंडनरला समजला.

मग गुरुदत्तने बाकीचं सांगितलं आणि माफी मागितली. मागताना त्याचे कान लाल झाले. आपल्यापायी जावयाला मान खाली घालावी लागली, हे शरदचंद्रांना फार लागलं. पण पर्याय नव्हता.

लिंडनरने सगळं ऐकून घेतलं. त्याने विचारलं ते एवढंच, की रोज किती पाणी लागायचं? शरदचंद्रांनी बोटांनी पेलाभर दाखवलं.

"आल्झो," 'तर असं आहे' अशा सुरात लिंडनर म्हणाला आणि पुढचं गुरुदत्तने मराठीत सांगितलं, "ते म्हणतायत, पाण्याचा पंप तुम्ही पाणी घालायला लागलात तेव्हापासूनच गळत होता. तुम्ही भरत राहिलात म्हणून पाणी कमी झाल्याचा दिवा लागला नाही." लिंडनरने वही काढली, ऑक्टोबरच्या पानावर दोन ओळी लिहिल्या आणि ती मिटून फळीवर ठेवली.

आता शेवटची तपासणी राहिली होती. लिंडनरचा गॅरेजमधला जोडीदार आजारी होता. तो गाडीत बसला, हीटर पूर्ण सोडला, इंजिन चालू केलं आणि खिडकीतून हात काढून शरदचंद्रांना खूण केली. रेडिएटरच्या खालच्या नळीवर हात ठेवा. ती गरम झाली की आतली झडप उघडली, पाणी फिरायला लागलं, असा त्याचा अर्थ. तो त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

शरदचंद्र हलले नाहीत. त्यांचे हात कोटाच्या खिशात होते. त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"लावू का हात?"

गुरुदत्त घाईघाईने म्हणाला, "अहो बाबा, विचारताय काय. लावा ना."

त्यांनी वाकून नळी मुठीत धरली. गार होती. लिंडनर इंजिनाचा वेग धरून बसला होता, गुरुदत्त शेजारी उभा होता. चार मिनिटं गेली, पाच गेली. मग तळव्याखाली नळी हळूहळू कोमट झाली आणि पाहता पाहता धरवेना इतकी तापली. त्यांनी लगेच हात काढला नाही.

"उघडली," ते मराठीतच म्हणाले, आणि लिंडनरने इंजिन बंद केलं.